बेसमेंटमधलं वॉशिंग मशीन हलवायचंय? आधी ड्रेनची उंची मोजा, मग जागा ठरवा

आमचं घर डेट्रॉइटच्या उपनगरात, १९६० च्या दशकातलं, बिडाचे जुने पाइप आणि कमी उंचीचं बेसमेंट. आई-बाबा आता दरवर्षी पाच-सहा महिने इकडे असतात, वरची एक खोली त्यांना द्यायची आणि मुलाने खाली शिफ्ट व्हायचं असं घरात ठरलं. बेसमेंटमध्ये झोपायची खोली करायची तर आग लागली वगैरे तर माणूस बाहेर पडू शकेल एवढी खिडकी लागते, आणि आमच्याकडे तशी एकच खिडकी, नेमकी लाँड्रीच्या कोपऱ्यात. म्हणजे लाँड्री हलवणं आलं. मशीन काय, दोघांनी ढकललं की सरकतं, नळाचं पाणीसुद्धा कुठेही नेता येतं कारण त्यात प्रेशर असतं. पण ड्रेनचं पाणी फक्त खालच्या दिशेने जातं, त्याला ढाळ लागतो आणि हवा लागते, आणि या दोन्ही गोष्टी मशीन कुठे ठेवायचं हे तुमच्या आधी ठरवून मोकळ्या होतात. म्हणून भिंतीवर पेन्सिलीने खुणा करायच्या आधी टेप घेऊन मेन पाइपपाशी जा.

आपल्याकडच्या सवयीबद्दल आधी बोलतो, कारण इथे ओळखीच्या तीन-चार घरांत मी हेच बघितलंय. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये मशीनचा पाइप बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये नाहीतर मोरीत सोडला की काम झालं, ती मोरी त्यासाठीच असते. इथे बेसमेंटच्या फरशीत जाळी दिसली की आपला हात आपोआप तिकडे जातो. पण जुन्या घरातला तो फ्लोअर ड्रेन कुठे जातो हे बघितल्याशिवाय कळत नाही, कधी सीवरला जातो, कधी पावसाच्या पाण्याच्या लाइनला, आणि मशीन एका दमात जेवढं पाणी फेकतं तेवढं त्याला ओढता येईलच असं नाही, त्यात कपड्यांचा लिंट (धुताना निघणारे बारीक धागे) अडकून तो तुंबतो ते वेगळंच. आणि त्याहून वाईट म्हणजे सम्प पंपाचा खड्डा. तो पायाभोवतीचं जमिनीतलं पाणी अंगणात किंवा पावसाच्या गटारात टाकायला असतो, त्यात साबणाचं पाणी सोडलं की ते सरळ बाहेरच्या ओढ्या-नाल्यात जातं आणि ते बेकायदेशीर आहे. कृपा करून हे करू नका, पाइप दोन फुटांवर असला तरी नाही.

आता मोजमाप. तुमची मेन ड्रेन लाइन घराबाहेर कुठून जाते ते बघा, साधारण तीन प्रकार सापडतात. पहिला, उभा स्टॅक (वरचं सगळं सांडपाणी खाली आणणारा मुख्य पाइप) बेसमेंटच्या फरशीपर्यंत खाली येऊन फरशीखालून बाहेर जातो, आमचं असं आहे आणि हे सगळ्यात सोपं, कारण उभ्या स्टॅकला फरशीच्या वर कुठेतरी जोड देता येतो. दुसरा, मेन लाइन भिंतीवर लटकत चार-पाच फुटांवरून बाहेर जाते. मग तुमचा ट्रॅप (पाइपाचं पाणी धरून ठेवणारं यू आकाराचं वळण) त्या लाइनच्याही वर यावा लागतो. समजा लाइन ५ फुटांवर आहे, तर ट्रॅप सव्वापाचच्या आसपास, त्यावर उभा पाइप कमीत कमी दीड फूट, म्हणजे पावणेसात फूट झाले, आणि बेसमेंटचं छत सात-साडेसात फूट. बऱ्याच मशीनचा पंप ८ फुटांपर्यंत पाणी चढवतो, तुमच्या मशीनच्या पुस्तकात नक्की आकडा असतो तो बघा, म्हणजे हे जमतं पण अगदी काठावर. नाही जमलं तर लाँड्रीचं सिंक बसवायचं, मशीन त्यात पाणी सोडतं आणि सिंकखालचा पंप ते वर मेन लाइनला नेतो. तिसरा प्रकार म्हणजे जवळपास उभा स्टॅकच नाही, सगळं फरशीखाली. मग काँक्रीट फोडायचं, साधारण चार इंचांचा स्लॅब असतो, कटरने दोन समांतर रेघा कापून मधलं ब्रेकरने उचकटायचं, ओलं करून कापा आणि साध्या कापडी मास्कवर भागवू नका, काँक्रीटचा धुरळा फुफ्फुसाला फार वाईट. हे काम मी स्वतः केलेलं नाही आणि पहिल्यांदाच पाइपकाम करणाऱ्याने यात हात घालावा असं मला वाटत नाही, ते प्लंबरला द्या.

परमिट काढा. आमच्या शहरात स्वतःच्या राहत्या घराचं प्लंबिंग परमिट घरमालकाला मिळतं, तुमच्या शहराच्या बिल्डिंग डिपार्टमेंटला एक फोन केला की कळतं, आणि त्याच फोनवर तीन प्रश्न विचारून घ्या: कुठला कोड (प्लंबिंगचे नियम) चालतो, एअर अ‍ॅडमिटन्स व्हॉल्व (पाइपात हवा आत घेणारा व्हॉल्व, पुढे सांगतो) चालतो का, आणि भिंत बंद करायच्या आधी इन्स्पेक्शन कधी. टाउनहाउस किंवा काँडो असेल तर स्टॅक शेजाऱ्याबरोबर सामाईक असू शकतो, असोसिएशनच्या लेखी परवानगीशिवाय त्याला करवत लावायची नाही.

कोडचे आकडे एकदा समजून घेतले की पुढचं सगळं डोक्यात बसतं. मशीनचा होज ज्या उभ्या पाइपात सोडतात त्याला स्टँडपाइप म्हणतात, तो आणि त्याच्या खालचा ट्रॅप दोन्ही २ इंची. जुन्या घरात दीड इंची सापडतो आणि नवीन मशीन लावलं की तोच वरून ओसंडतो, कारण कित्येक मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की ड्रेनला मिनिटाला १७ गॅलन, म्हणजे ६४ लिटर पाणी ओढता आलं पाहिजे. चार मोठ्या बादल्या एका मिनिटात, असा विचार करा. स्टँडपाइपची उंची ट्रॅपमधल्या पाण्याच्या पातळीपासून कमीत कमी १८ इंच आणि जास्तीत जास्त ४२ इंच, हा इंटरनॅशनल कोडचा नियम, पश्चिमेकडच्या काही राज्यांत युनिफॉर्म कोड चालतो तिथे वरची मर्यादा ३० इंच. कमी ठेवला तर पाणी उसळून बाहेर येतं. आडव्या २ इंची पाइपाला फुटाला पाव इंच ढाळ. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात, ही लाइन ज्या पाइपाला जोडणार तो ३ इंची किंवा मोठा हवा, किचन सिंकच्या दीड इंची पाइपात टी मारून मोकळं व्हायचं नाही, नाहीतर मशीनचं पाणी सिंकमधून वर येईल.

माझा हिशोब दाखवतो. नवीन जागा स्टॅकपासून १४ फूट लांब. फुटाला पाव इंच म्हणजे १४ फुटांना साडेतीन इंच. स्टॅकवर जोड फरशीपासून ११ इंचांवर दिला (त्याच्या खाली क्लीनआउट, म्हणजे तुंबलं तर साफ करायचं झाकणाचं तोंड आहे, तो मोकळा ठेवायचा होता), म्हणजे दुसऱ्या टोकाला आडवा पाइप साडेचौदा इंचांवर. तिथे तो लांब वळणाच्या एल्बोने वर वळतो, वर सॅनिटरी टी (आत वळण असलेला टी आकाराचा जोड), यात साधारण सात इंच जातात, म्हणजे ट्रॅपच्या पाण्याची पातळी साडेएकवीस इंचांच्या आसपास. त्यात १८ मिळवले की साडेएकोणचाळीस, हा झाला स्टँडपाइपचा सगळ्यात कमी माथा. मी ४२ वर ठेवला, मशीनच्या मागे ही उंची हाताला बरी पडते. हेच अंतर ३० फूट असतं तर सगळं चार इंचांनी वर गेलं असतं, अजूनही जमलं असतं, पण कागदावर मांडल्याशिवाय ते कळत नाही. युनिफॉर्म कोडमध्ये ट्रॅप फरशीपासून ६ ते १८ इंचांतच बसवावा लागतो, तिथे माझा साडेएकवीस चालला नसता, जोड अजून खाली घ्यावा लागला असता. हा कागद बनवा आणि इन्स्पेक्टरला दाखवा, आमच्या इन्स्पेक्टरने त्यावर बोट ठेवून दोन प्रश्न विचारले आणि पुढचं काम कितीतरी सोपं झालं.

आता हवेबद्दल, म्हणजे व्हेंट, कारण माझ्या मते घरच्या घरी केलेल्या लाइनी सगळ्यात जास्त इथे चुकतात. ट्रॅपमध्ये जे पाणी थांबून राहतं तेच गटाराचा वायू घरात येऊ देत नाही. मशीनचा पंप सुरू झाला की पाइपातून पाण्याचा लोंढा पळतो आणि मागे पोकळी करतो, त्या पोकळीत व्हेंटमधून हवा आली नाही तर ती ट्रॅपमधलं पाणी ओढून नेते. गुळगुळ आवाज येतो, आणि दोन दिवसांनी वास. ट्रॅपपासून व्हेंटपर्यंतच्या आडव्या तुकड्याला ट्रॅप आर्म म्हणतात, २ इंची पाइपाला पाव इंच ढाळाने तो इंटरनॅशनल कोडप्रमाणे ८ फुटांपेक्षा लांब चालत नाही, आणि ८ च का तर ८ फुटांत ढाळ बरोबर २ इंच होतो, म्हणजे पाइपाच्या व्यासाएवढा, त्याच्या पुढे व्हेंटचं तोंड ट्रॅपच्या पाण्याच्या खाली जातं आणि हवा पोचायची बंद होते. म्हणून इथे ‘जास्त ढाळ दिलेला बरा’ हे चालत नाही. व्हेंटनंतर पाइप कितीही लांब न्या. माझे १४ फूट म्हणून चालले, ट्रॅप आर्म फक्त दीड फुटाचा आहे.

व्हेंट वर नेऊन घराच्या जुन्या व्हेंटला जोडणं सगळ्यात चांगलं, फक्त आडवा वळवायच्या आधी तो मशीनच्या स्टँडपाइपच्या माथ्यापासून ६ इंच तरी वर गेला पाहिजे. आमच्याकडे त्यासाठी वरच्या मजल्याची भिंत फोडावी लागणार होती, म्हणून परवानगी घेऊन एअर अ‍ॅडमिटन्स व्हॉल्व लावला. तो हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही. ट्रॅप आर्मच्या कमीत कमी ४ इंच वर, सरळ उभा, आणि हात पोचेल अशा ठिकाणी, भिंतीत असेल तर समोर जाळी, कारण तो कधीतरी बदलावा लागतो आणि त्याला हवा मिळायला हवी. काही शहरांत तो चालत नाही, म्हणून फोनवर विचारा म्हणालो.

सामान: २ इंची शेड्यूल ४० पीव्हीसी पाइप, पी-ट्रॅप, सॅनिटरी टी, लांब वळणाचे एल्बो, क्लीनआउटसाठी वाय (वाय आकाराचा तिरका जोड), स्टॅकमध्ये घालायला ४ बाय २ ची सॅनिटरी टी आणि दोन स्टीलच्या पट्ट्याचे नो-हब कपलिंग (दोन पाइप जोडणारी, आत रबर आणि वर पत्रा असलेली बाही), प्राइमर, सिमेंट, पाइप हँगर. तुमच्या घरात काळा एबीएस पाइप असेल तर त्याचं सिमेंट वेगळं, एकाचं दुसऱ्याला लावू नका. एक लक्षात ठेवा, आडव्या पाइपातून उभ्यात पाणी जाताना सॅनिटरी टी, आडव्यातून आडव्यात जाताना वाय. टी आडवी पाडून कधीच लावायची नाही.

स्टॅक कापणं हे या कामातलं सगळ्यात मोठं पाऊल. बिडाचा पाइप प्रचंड जड असतो, जुने जोड शिसं आणि काथ्याचे, आणि खालचा तुकडा कापला की वरचं सगळं वजन लटकतं. म्हणून आधी कापायच्या जागेच्या वर रायझर क्लँप (उभा पाइप धरून ठेवणारा लोखंडी पट्टा) आवळून तो लाकडी आधारावर टेकवा, मगच कटर. कटर भाड्याने मिळतो, साखळी पाइपाभोवती गुंडाळायची आणि हँडल दाबत जायचं, कड्कन आवाज होऊन पाइप सरळ तुटतो. त्याआधी हातोडीने हलकेच वाजवून बघा, खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला किंवा गंजाचे पापुद्रे पडले तर थांबा आणि प्लंबरला बोलवा, असा पाइप दाबाखाली भलतीकडेच चिरतो. आणि घरातल्या सगळ्यांना सांगा. मी बायकोला सांगितलं, मुलाला सांगितलं, वरच्या बाथरूमच्या दारावर चिठ्ठी लावली, आणि आई दुपारची झोपून उठली ती चिठ्ठी न बघताच आत. वर पावलं वाजली तशी मी खालून ओरडलो, “आई, पाणी सोडू नकोस गं, पाइप उघडाय!” आईने ऐकलं म्हणून ठीक. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, चिठ्ठीवर राहू नका, घराच्या पाण्याचा मेन व्हॉल्व बंद करा आणि फ्लशच्या टाक्या रिकाम्या करून ठेवा.

कापलेल्या जागेत टी घालून कपलिंग सरकवायचे आणि पट्टे ६० इंच-पाउंडला आवळायचे, त्यासाठी ठरावीक टी-हँडलचा पाना मिळतो, तो खट्ट करून सुटला की झालं. नुसता रबरी, वर पत्रा नसलेला कपलिंग इथे नको, त्यात पाइप बाजूला सरकून आत पायरी होते आणि लिंट तिथेच अडकायला लागतो.

मग आडवी लाइन. मी आधी ढाळ छताच्या जॉइस्टपासून (लाकडी तुळयांपासून) टेपने मोजून खुणा केल्या, आणि सुका जोडून बघितला तर मधे पाइप चक्क उलटा चढलेला, कारण साठ वर्षांत जॉइस्ट खाली बसलेत. पूर्ण संध्याकाळ गेली. छत, फरशी, यातल्या कशावरच विश्वास ठेवू नका, पाणसळ किंवा लेझर लावा. साधी युक्ती: ४ फुटी पाणसळीच्या एका टोकाखाली बरोबर १ इंच जाडीचा लाकडी ठोकळा टेपने चिकटवा, ते टोक स्टॅकच्या बाजूला ठेवून पाणसळ पाइपावर टेकवा, बुडबुडा मधोमध आला की ढाळ फुटाला पाव इंच. दर हँगरला हे करा, आणि हँगर दर ४ फुटांवर. स्टडला (भिंतीतल्या उभ्या लाकडाला) भोक पाडून पाइप नेऊ असं वाटेल, पण २ इंची पाइप बाहेरून जवळजवळ २.४ इंच असतो आणि साधा २ बाय ४ स्टड फक्त साडेतीन इंच रुंद, भोकानंतर त्यात काही उरत नाही आणि कोडही परवानगी देत नाही. मी पाइप काँक्रीटच्या भिंतीलाच लावला आणि नवीन स्टडची भिंत त्याच्या पुढे तीन इंच सोडून उभी केली.

चिकटवायच्या आधी सगळं सुकं जोडा, मार्करने प्रत्येक जोडावर आरपार रेघ मारा म्हणजे फिटिंग कुठल्या दिशेला होती ते कळतं. पाइपाची कापलेली कड आतून-बाहेरून चाकूने साफ करा, तिथे राहिलेला प्लास्टिकचा केस पुढे लिंट धरून ठेवतो. जांभळा प्राइमर दोन्हीकडे, मग सिमेंट, पाइप पूर्ण आत घालून पाव फेरा, आणि अर्धा मिनिट घट्ट धरून ठेवा, नाहीतर तो हळूच मागे सरकतो. आणि हे फार महत्त्वाचं, प्राइमरची वाफ पेट घेते, आणि बेसमेंटमध्ये बहुतेक घरांत गॅसचा वॉटर हीटर असतो ज्याची ज्योत खाली पेटलेली असते. तो बंद करा, खिडकी उघडा, पंखा लावा, मगच डबा उघडा.

गरम-थंड पाण्याची लाइन, मशीनचा जीएफसीआय प्लग (शॉक बसू नये म्हणून वीज लगेच तोडणारा), ड्रायरचा ४ इंची पत्र्याचा डक्ट हे सगळं बरोबरच हलतं. पाण्याचा पाइप बाहेरच्या भिंतीतून नेऊ नका, मिशिगनच्या जानेवारीत तो गोठून फुटतो, आणि मशीनला रबरी होजऐवजी स्टीलच्या जाळीचे लावा. ड्रायरचं २४० व्होल्टचं काम इलेक्ट्रिशियनला दिलं.

जुन्या जागेचा ट्रॅप तसाच सोडायचा नाही. वापर बंद झाला की त्यातलं पाणी महिन्याभरात सुकतं आणि मुलाच्या नवीन खोलीत थेट गटाराचा वास. जुनी शाखा जिथे फुटते तिथपर्यंत मागे कापा आणि कॅप चिकटवा, चिंधी कोंबून भिंत बंद करणं हे उत्तर नाही.

भिंत बंद करण्याआधी टेस्ट. स्टॅकच्या बाजूला क्लीनआउटमधून फुगणारा प्लग घाला, स्टँडपाइप काठोकाठ भरा, १५ मिनिटं पातळी हलली नाही पाहिजे. प्रत्येक जोडाखालून कोरडा टिश्यू फिरवा, डोळ्याला न दिसणारा ओलावा टिश्यूवर लगेच उठतो. माझ्या एका एल्बोखाली टिश्यूवर मोहरीएवढा डाग आला, तेवढ्यासाठी तो तुकडा कापून परत केला आणि आज मला त्याचं बरं वाटतं. इन्स्पेक्शन झालं की मशीन जोडा. होज स्टँडपाइपात चार-पाच इंचच आत, वर टेप गुंडाळून हवाबंद करू नका. होज फार खोल गेला किंवा तोंड बंद झालं तर सायफन लागतो, मशीन भरता भरता रिकामं होत राहतं आणि लोक बिचाऱ्या मशीनला दोष देतात.

आमच्या भागात अजून एक भीती आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जूनच्या शेवटी डेट्रॉइट, डिअरबॉर्न, ग्रोस पॉइंट भागात काही तासांच्या पावसाने हजारो बेसमेंट भरली, कितीतरी घरांत फ्लोअर ड्रेनमधून सीवर उलटं वर आलं. त्यासाठी मेन लाइनवर बॅकवॉटर व्हॉल्व असतो, सीवर उलटं यायला लागलं की तो बंद होतो. आमच्याकडे आहे. पण तो बंद असताना तुमच्या स्वतःच्या घरातलं पाणीसुद्धा बाहेर जाऊ शकत नाही, म्हणजे त्या वेळी मशीन लावलं तर ते सगळं पाणी तुमच्याच बेसमेंटच्या फरशीवर येणार. मुसळधार पाऊस चालू असेल तेव्हा मशीन लावायचं नाही, आमच्या मशीनच्या झाकणावर आईने मराठीत हे लिहून चिकटवलंय.

आणि भारतात जाताना, पाच-सहा आठवड्यांसाठी घर बंद असेल तर मशीनचे दोन्ही नळ बंद करा, स्टँडपाइपात आणि फ्लोअर ड्रेनमध्ये प्रत्येकी एक तांब्या पाणी आणि वर दोन चमचे खायचं तेल ओता. तेल वर तरंगतं, खालचं पाणी लवकर उडत नाही, आणि परत आल्यावर दार उघडताच बेसमेंटमधून वास येत नाही.